थायरॉइडची बाटली

कोपरखैरणे,
१८ ऑगस्ट

प्रिय जाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून कपाळाला हात लावला असशील. पण तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, फोनवर ब्लॉक केलंस, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस. राहिलं काय, तर पोस्ट. पोस्टात ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पत्ता बाबांच्या डायरीतून ढापलाय, तेव्हा त्यांना ओरडू नकोस.

तू एप्रिलमध्ये बंगळुरूला गेलीस, त्याला चार महिने झाले. दर रविवारी तुझा फोन येतो आणि बाबा तो घेऊन बाल्कनीत जातात, दार लोटून घेतात. मी आत गवार मोडत कान टवकारून बसते. ऐकू काय येतं, तर 'हो', 'बरं', 'जेवलीस का'. एवढ्यावर मी पुढचा आठवडा काढते. मला तुझा आवाज ऐकायचाय जाई, बाकी काही नको. हे एकदा लिहून टाकलं. आता हवापाण्याच्या गप्पा.

आपलं जे झालं ते मी इथे उगाळणार नाही. गोळ्यांवरून शब्दाला शब्द लागला, तू बोललीस, मीही बोलले. झालं.

आमच्याकडे नर्सिंगच्या थर्ड इयरची नवी बॅच सायकॅट्रीच्या पोस्टिंगला आली. आठ जणं. आदल्या दिवशी मी नेहमीचं भाषण ठोकलं की वॉर्डात ओळखपत्राची दोरी नको, सेफ्टीपिन नको, काचेची बाटली नको, मोबाईल लॉकरमध्ये, कारण कुठली वस्तू कुणाच्या हातात कशी पडेल सांगता येत नाही. बॅचमध्ये धम्मपाल नावाचा एक मुलगा आहे, नावड्याहून येतो, फार मनावर घेणारा. त्याने विचार केला, दोरी चालत नाही तर नाडी कशी चालेल? म्हणून पठ्ठ्या बुटांच्या नाड्या काढून आला. फटक फटक करत वॉर्डात शिरला. ॲडमिट झालेल्या माणसांच्याच नाड्या आम्ही काढून ठेवतो ना, त्यामुळे खिडकीजवळच्या आजोबांनी त्याला नीट न्याहाळलं आणि इनचार्ज सिस्टरला विचारलं, हा नवीन पेशंट कुठल्या बेडवर. धम्मपालचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बाकीचे सात पहिला तासभर भिंतीला पालीसारखे चिकटून होते. मग मी त्यांना कामाला जुंपलं. आमच्याकडे प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणून एक प्रकार असतो, तू लहानपणी माझ्या तपासायच्या गठ्ठ्यात बघितला असशील. पेशंटशी पंधरा मिनिटं बोलायचं आणि बाहेर येऊन जसंच्या तसं लिहायचं. पहिल्या रकान्यात तो काय म्हणाला, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात माझं कुठे चुकलं. सजवायचं नाही, वगळायचं नाही. आणि बोलताना तीन गोष्टी बंद. 'का' विचारायचं नाही, कारण माणूस लगेच आरोपी होतो. न मागता सल्ला द्यायचा नाही. आणि 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' असं म्हणायचं नाही, कारण ते आपल्याला माहीत नसतं.

मैत्री नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे, आपल्याच सेक्टर पंधरात राहते. तिने विचारलं, मॅम, हे तिन्ही बंद केलं तर घरी आई बोलणार काय? वर्ग हसला. मीही हसले.

बाबा मजेत. पुदिना लावलाय कुंडीत, त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलतात.

तुझी,
आई

२ सप्टेंबर

प्रिय जाई,

पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, मी पोस्टमन नाही. पण म्हणताना मिशीत हसले, म्हणजे पोचलं असावं.

गणपतीला यंदा बाबा एकटेच चिपळूणला आत्याकडे गेले. मला पोस्टिंग होतं. म्हणजे पोस्टिंगला तीन दिवस सुट्टी होती, पण तपासायचे गठ्ठे होते.

धम्मपालचं ऐक. त्याच्या वाट्याला वेणूबाई आल्या. नाव बदललंय हो, नाहीतर लगेच मला नियम शिकवशील. वेणूबाई शिरवण्याच्या, मूळ गाववाल्या, सत्तरीच्या. मनःस्थिती तपासताना आम्ही काही साधे प्रश्न विचारतो, म्हणजे आज वार कोणता, आपण आहोत कुठे. धम्मपालने अगदी अदबीने विचारलं, आजी, हे कुठलं ठिकाण आहे? तर म्हणाल्या, "तुला ठाव नाय तं मना कशाला इचारतंस, पोरा? बस हितं, तुजा कोन येईल न्यायला." मग पंधरा मिनिटं त्यांनीच त्याची चौकशी केली. जेवलास का, आई काय करते, लगीन ठरलं का, बुटाला नाडी कुठंय. त्याने ते सगळं इमानदारीत लिहून आणलं. दुसऱ्या रकान्यात ओळीने 'हो आजी', 'नाही आजी', 'हो आजी'. आणि तिसऱ्या रकान्यात, माझं कुठे चुकलं, तिथे लिहिलं होतं: 'आजींनी मला एकदाही “का” असं विचारलं नाही, त्यामुळे मी सर्व सांगितले.' मी त्याला दहापैकी नऊ दिले. एक अक्षरासाठी कापला.

आता जे लिहितेय ते लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय.

शुक्रवारी मी मुलांना छोटं नाटुकलं करायला लावलं. घरातल्या माणसाने कसं बोलू नये, हे दाखवायचं. अक्षता झाली आजारी मुलगी, मैत्री झाली तिची आई. अक्षता म्हणाली, आई, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. त्यावर मैत्रीने पदर खोचल्यासारखं केलं आणि सुरू झाली: अगं, त्यात काय एवढं, आजकाल सगळ्यांनाच टेन्शन आहे, सकाळी उठून जरा चालायला जा, मोबाईल बाजूला ठेव, बघ कसं डोकं हलकं होतं. वर्ग पोट धरून हसत होता. ती माझी नक्कल करत नव्हती, बिचारीने मला घरात कधी पाहिलेलंच नाही. पण शब्द माझे होते, जाई. फेब्रुवारीत तू ऐरोलीच्या ऑफिसमधून येऊन माझ्या ओट्याजवळ उभी राहिलीस आणि अक्षता म्हणाली तेच म्हणालीस. मी पोळ्या लाटत होते. मी मागे वळलेसुद्धा नाही आणि मैत्रीसारखंच बोलले, त्याच क्रमाने, मोबाईलसकट.

नंतर तू एकटीच डॉक्टरांकडे गेलीस, गोळ्या सुरू झाल्या, आणि मला ते डॉक्टरांची चिठ्ठी बघून कळलं. तीस वर्षं मी हा विषय शिकवते. लाज वाटली, आणि ती तुला सांगायच्या ऐवजी मी जास्तच कडक वागले.

मैत्रीला मात्र मी दहापैकी दहा दिले. कारण विचारत होती, सांगितलं नाही.

आई

१६ सप्टेंबर

जाई,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, गोळ्यांवरून शब्दाला शब्द लागला. ते खोटं आहे. शब्दाला शब्द लागलाच नाही. तू एकदाच बोललीस, मी एकच वाक्य बोलले, आणि तू गप्प झालीस ती आजपर्यंत.

काल वॉर्डात औषधं वाटायची वेळ होती. एका पेशंटच्या गोळ्यांचं पाकीट फाटलं, गोळ्या ट्रेमध्ये घरंगळल्या. अक्षताने पटकन कपाटातली एक रिकामी बाटली घेतली आणि त्यात भरायला लागली. बाटलीवर दुसऱ्याच औषधाचं लेबल. मी अशी ओरडले की दोन बेडवरचे लोक उठून बसले. म्हटलं, एका औषधाच्या बाटलीत दुसरं औषध भरायचं नाही हे फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात, हे करणाऱ्या माणसाने नर्सचा कोट... वाक्य तसंच सोडलं. अक्षता रडकुंडीला आली होती. मी तिला म्हटलं, जा, पाणी पी, आणि स्वतःच चहाच्या खोलीत जाऊन बसले.

आता मुलांना जे करायला लावते ते स्वतः करते. सजवत नाही, वगळत नाही.

एप्रिल. आत्या पनवेलच्या लग्नासाठी चिपळूणहून चार दिवस आलेली, तुझ्याच खोलीत झोपायची. तुझ्या गोळ्यांचं पाकीट टेबलावर असायचं. आत्याने ते वाचलं असतं तर संध्याकाळपर्यंत चिपळूणच्या बाजारपेठेत झालं असतं, असं मला वाटलं. तुझ्या लग्नाचं बघत होतो, तेही डोक्यात होतं. आणि सगळ्यात मोठं, लोक काय म्हणतील, सायकॅट्रीच्या मॅडमच्या घरात! म्हणून तू ऑफिसला गेल्यावर मी एक एक गोळी सोलून काढली आणि माझ्या थायरॉइडच्या रिकाम्या बाटलीत भरली. तुला चिठ्ठी लिहून ठेवली: 'यातून घे, कुणाला सांगू नकोस.' तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, पटलं.

पण आत्यालाही थायरॉइड आहे हे मी विसरले. बाई आपल्या गोळ्या चिपळूणला विसरून आलेली. टेबलावर बाटली दिसली, लेबल वाचलं, घरचीच तर आहे म्हणून दोन दिवस रोज सकाळी एक घेतली. तिसऱ्या दिवशी पोह्यांच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणते कशी, स्मिता, तुमच्याकडच्या थायरॉइडच्या गोळ्या फार गुणाच्या आहेत हो, मला काय शांत झोप लागते.

पुढचं रकान्यात लिहिते.

जाई म्हणाली: "आत्या, त्या थायरॉइडच्या नाहीत. माझ्या डिप्रेशनच्या आहेत. मी डिप्रेशनचं औषध घेते."

मी म्हणाले (हसून): "मस्करी करतेय हो ती, वन्सं."

शेरा: मुलीने आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट शांतपणे, स्पष्ट, कुणाला न दुखावता सांगितली. आई हसली. आईच्या हसण्यावर बाकीचे हसले. मुलगी ताटली घेऊन उठली. आईने त्यानंतर आत्याला दुसरी बाटली आणून दिली, मळमळतंय का विचारलं, रक्तदाब तपासला. मुलीकडे गेली नाही. दहापैकी शून्य.

धम्मपालने असं काही लिहून आणलं असतं तर मी त्याला पोस्टिंग पुन्हा करायला लावलं असतं. त्या दिवशी तू बंगळुरूच्या बदलीला हो म्हटलंस, हे मला बाबांकडून कळलं.

जाई, तू मस्करी करत नव्हतीस. मला तेव्हाही माहीत होतं. माझं चुकलं. माफ कर असं लिहीत नाही, कारण मग तुला लगेच करावंसं वाटेल किंवा करावंसं वाटणार नाही, दोन्ही ओझी तुझ्याच डोक्यावर. फक्त माझं चुकलं.

आई

२९ सप्टेंबर

प्रिय जाई,

आज थोडं हसवते, मागच्या पत्राने मलाच दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी आत्याला फोन केला. करण्याआधी खूप घोळ घातला. पेशंटचं गुपित दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम. पण मग लक्षात आलं, तू तिला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतंस, मी ते पुसलं. मला फक्त माझं वाक्य मागे घ्यायचं होतं. बाबांना म्हटलं, लावून द्या फोन. ते म्हणाले, तुझी तू लाव, आणि पुदिन्याला पाणी घालायला गेले. सकाळी एकदा घातलं होतं.

मी आत्याला म्हटलं, वन्सं, एप्रिलमध्ये जाई मस्करी करत नव्हती. मीच खोटं बोलले.

पलीकडे मिक्सर चालू होता. मग तो बंद झाला.

"अगो स्मिता," आत्या म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. पोर अशी सरळ बघून मस्करी करते होय? तू हसलीस म्हणून मी हसले. तुझं घर, तुला नको असेल बोलायला. पण त्या पोरीच्या तोंडाकडे मला बघवलं नाही हो."

ऐकलंस? तिने चिपळूणच्या बाजारपेठेत कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही. सहा महिने. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं मी लग्न झाल्यापासून म्हणत आले, तिने हे पोटात ठेवलं. आणि मी, जिने गुप्ततेवर दर वर्षी दोन तासांचं लेक्चर दिलं, मी बाटल्या बदलत बसले.

मी विचारलं, गोळी बघून शंका नाही आली? थायरॉइडची गोळी केवढीशी असते, ही चांगली दुप्पट. तर म्हणते, मला वाटलं मुंबईकडे मोठी मिळत असेल. मी फोन छातीशी धरून हसले, जाई. तीही हसत होती. आम्ही नणंद-भावजय इतक्या वर्षांत अशा कधी हसलो नव्हतो.

मग तिने हळूच विचारलं, पण झोप मात्र खरंच लागत होती गो, ती गोळी मला मिळेल का? मी सांगितलं, वन्सं, त्या गोळीने दोन दिवसांत कुणाला झोप लागत नाही, तिला गुण यायला काही आठवडे जातात, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय दुसऱ्याची गोळी घ्यायची नसते. मग झोप कशाने लागली? तिला कळेना, मला कळेना. शेवटी तीच म्हणाली, जाई दिवा बंद करून उशिरापर्यंत माझ्याशी बोलायची ना, तेव्हा लागायची. आतोबा गेल्यापासून त्या घरात रात्री बोलायला कुणी नाही, हे ती पहिल्यांदाच बोलली. मला सल्ला अगदी जिभेवर आला होता: भजनी मंडळात जा, सकाळी चाला. गिळला. म्हटलं, वन्सं, सांगा ना. ती चाळीस मिनिटं बोलली. पुढच्या आठवड्यात ती चिपळूणच्याच एका डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे. हे तुला लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, लिही, आणि तिला म्हणावं आत्या वाट बघते.

वेणूबाई घरी गेल्या. जाताना धम्मपालला सांगून गेल्या, बुटाला नाडी घाल, पोरी बघतात.

तुझी,
आई

११ ऑक्टोबर

प्रिय जाई,

काल जागतिक मानसिक आरोग्य दिन होता. दर वर्षीप्रमाणे आमचा कार्यक्रम शिरवण्याच्या समाजमंदिरात. मुलांनी पथनाट्य बसवलेलं, धम्मपाल नऊवारी नेसून सासू झाला होता. नऊवारी त्याला वेणूबाईंच्या सुनेने नेसवली, तीही आलेली. बायका त्याला बघून इतक्या हसल्या की पहिले दोन संवाद कुणाला ऐकूच गेले नाहीत.

नाटक झाल्यावर माझं भाषण. तेच ते. मनाचा आजार हाही आजारच, तापासारखा, लपवू नका, घरातल्या माणसाला बोलू द्या. माना हलत होत्या. दर वर्षी अशाच हलतात आणि मग सगळे बिस्किटं घेऊन घरी जातात.

पण काल पुढच्या रांगेत बायजाबाई म्हणून एक आजी बसल्या होत्या, मासळी विकणाऱ्या, हातात टोपली तशीच. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बाय, तू सांगतंस ता बराबर हाय. पन तुज्या घरान कोनाला असता तं तू सांगितला असता का?"

आठही मुलं माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे तयार उत्तरं पुष्कळ असतात, तुला माहितीये. पण तुझं नाव घ्यायचा मला हक्क नाही, आणि खोटं बोलून तर मी बघितलंच होतं.

मी म्हटलं, "माझ्या घरात आहे. कोण ते सांगणार नाही, ते सांगणं त्या माणसाच्या हातात. पण लपवलं मी. त्या माणसाने चारचौघांत सांगितलं आणि मी मस्करी म्हणून उडवलं. सहा महिने झाले, ते माणूस माझ्याशी बोलत नाही."

बायजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपली उचलून शेजारी ठेवली, सतरंजीवर जागा केली आणि म्हणाल्या, मंग बस हितं. माईक तसाच सोडून मी बसले. माझं भाषण तिथेच संपलं. त्या आपल्या धाकट्या मुलाचं सांगू लागल्या, आणि त्यांच्या मागची एक बाई म्हणाली, आमच्याकडे पण. कार्यक्रम बाराला संपायचा तो दोनला संपला. आमच्या नावनोंदणीच्या टेबलावर दर वर्षी मैत्री माशा मारते, काल तिथे अकरा जणांची रांग होती. बिस्किटं तशीच राहिली, ती मुलांनी बसमध्ये फस्त केली.

परतताना अक्षता माझ्या शेजारी येऊन बसली. बाटलीवरून तिला झापल्यापासून ती माझ्यापासून चार हात लांब असायची. ती काही विचारेल म्हणून मी मन घट्ट केलं होतं. तिने काहीच विचारलं नाही. कोपरखैरण्यापर्यंत नुसती बसून राहिली. हे मी तिला कधी शिकवलं ते मला आठवत नाही, पण तिला येतं.

जाई, तुझं नाव मी घेतलं नाही. तरी तुला न विचारता तुझ्याबद्दल एवढं बोलले. चुकलं असेल तर तसं कळव. पोस्टकार्डावर 'चुकलं' एवढं लिहिलंस तरी चालेल. तुझं अक्षर तरी दिसेल.

आई

१६ ऑक्टोबर

जाई,

तुझ्याशी फोनवर बोलून जेमतेम तीन तास झालेत आणि मी पत्र लिहितेय. बाबा म्हणाले, आता ब्लॉक काढलाय ना तिने, मेसेज कर. म्हटलं, तुम्ही तुमचा पुदिना बघा.

आधी एक कबुली. तुझे चार मिस्ड कॉल पडले तेव्हा मोबाईल लॉकरमध्ये होता. माझाच नियम. जेवायच्या सुट्टीत लॉकर उघडला, 'जाई' असं चार वेळा दिसलं, आणि माझ्या हातातून डबा पडला. मटकीची उसळ सगळ्या फरशीवर. धम्मपाल आणि मैत्री ती पुसत होते आणि मी त्यांच्या डोक्यावरून तुला फोन लावत होते.

तू विचारशील म्हणून सांगते, मी मध्ये गप्प होते ते रडत होते म्हणून नाही. म्हणजे रडत होतेच. पण 'का' हा शब्द सात वेळा तोंडात आला होता, तो आत ढकलत होते. आधी का नाही केलास फोन, आवाज का बसलाय, पत्रांना उत्तर का नाही. मोजले मी.

तू म्हणालीस, सगळी पत्रं वाचली. म्हणालीस, एप्रिलचं रेकॉर्डिंग बरोबर लिहिलंयस, फक्त मी ताटली घेऊन उठले नव्हते, ताटली तिथेच टाकून उठले होते. दुरुस्त करून घेतलं आहे. आणि मग तू म्हणालीस, "आई, इथल्या डॉक्टरांनी घरचं कुणीतरी घेऊन या म्हटलंय. तू येशील?"

मी फक्त 'कधी' विचारलं. एवढं थोडं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

तर बुधवारी सकाळी विमानाने पोचते. बाबाही निघाले होते, त्यांना सांगितलं, मला बोलावलंय, तुम्हाला भाऊबीज झाल्यावर. आत्याने तुझ्यासाठी कडबोळी पाठवलीत, तीही आणते. मुलांची परीक्षा मी इनचार्ज सिस्टरवर सोपवली. सिस्टरना म्हटलं, घरच्या कामाला जातेय. मग दुरुस्त केलं, माझ्या मुलीने बोलावलंय. त्याहून जास्त सांगितलं नाही. तिथे काय सांगायचं, किती सांगायचं, ते तू ठरव.

एक गोष्ट मात्र आजच लिहायची होती, म्हणून हे पत्र. समोरासमोर मला जमायची नाही.

डॉक्टर तुझा इतिहास लिहून घेतील तेव्हा मला बाजूच्या खुर्चीत बसवतील. ती नातेवाइकाची खुर्ची. मी एवढी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले, या बाजूला कधी नाही. त्यांच्या कागदावर वरच तीन गोष्टी असतात, मी दर बॅचला पाठ करून घेते: माहिती देणाऱ्याचं नाव, पेशंटशी नातं, आणि माहिती विश्वासार्ह आहे की नाही. पहिल्या दोन मी सांगेन. तिसरी डॉक्टर आपल्या मनाने लिहितात, पण चांगले डॉक्टर त्याआधी एकदा पेशंटकडे बघतात.

त्यांनी बघितलं तर तू माझ्या तोंडाकडे बघू नकोस. तुला जे खरं वाटेल ते सांग. 'नाही' म्हणालीस, तर मी 'मस्करी करतेय ती' म्हणणार नाही. मी तिथेच बसून राहीन.

तुझी,
आई